बाळंतपण, आजारपण, रजोनिवृत्ती: जोडप्याने शरीरसंबंध पुन्हा कसे सुरू करावेत

बाळंतपण, हृदयविकाराचा झटका, मोठी शस्त्रक्रिया, पाळी जाण्याची वर्षं, नोकरी सुटणं, घरातलं माणूस जाणं. अशा काळात जोडप्यातले शरीरसंबंध थांबतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्याही आधी साधा स्पर्श थांबलेला असतो, तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रात्री दिवा मालवल्यावर एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला की तो खांदा किंचित आखडतो. ठेवणाऱ्याला ते लगेच कळतं आणि हात मागे जातो. बोलत कुणीच नाही. एकाच्या मनात असतं, ‘आता हे पुढे जाणार आणि मला ते झेपणार नाही.’ दुसऱ्याच्या मनात असतं, ‘मी नकोसा झालोय.’ महिनाभर हे असंच चाललं की खांद्यावर हात ठेवणंही बंद होतं.

याचं कारण असं की या काळात प्रत्येक स्पर्शाला मागणीचा वास येऊ लागतो. म्हणून इथे दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोलणं, मग शरीराची तपासणी, मग संभोग बाजूला ठेवून नुसता स्पर्श आणि सगळ्यात शेवटी संभोग. बहुतेक जोडपी नेमकं उलट करतात. ‘एकदा जमलं की सगळं ठीक होईल’ म्हणून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. मग दुखतं किंवा ताठरता येत नाही आणि पुढच्या वेळी त्या आठवणीची भीती सोबत येते.

पहिलं बोलणं

हे बोलणं अंथरुणात करू नका आणि फसलेल्या प्रयत्नानंतर तर मुळीच नको. शेजारी शेजारी चालताना किंवा एका बाजूला तोंड करून बसलेलं असताना बोलणं सोपं जातं, कारण सतत डोळ्यांत बघावं लागत नाही. वेळ आधी ठरवा, २० मिनिटं पुरेत. पहिली १० मिनिटं एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मध्ये उत्तर द्यायचं नाही. शेवटी ‘मला समजलं ते असं’ एवढंच सांगायचं. मग पाळी बदलायची. वेळ संपली की थांबायचं, मुद्दा अर्धवट राहिला तरी चालेल. पहिल्याच दिवशी सगळा हिशेब मांडायला बसलं की दुसरं बोलणं होतच नाही.

प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: माझ्या शरीराला सध्या काय होतंय, मला कशाची आठवण येते आणि आत्ता मला काय चालेल. ‘तू कधी जवळच येत नाहीस’ हे वाक्य खरं असलं तरी समोरचा लगेच स्वतःचा बचाव करायला लागतो. ‘तू झोपताना पाठीवरून हात फिरवायचास, त्याची आठवण येते’ या वाक्याला बचाव करावा लागत नाही.

नकार द्यायची पद्धतही इथेच ठरवून टाका. ‘आज नको, पण थोडा वेळ कुशीत पडून राहूया’ असं म्हटलं की नकार कशाला आहे आणि कशाला नाही हे कळतं. आणि एखाद्या दिवशी स्पर्शच नको असेल, तर नुसतं ‘आज काहीच नको’ हेही पूर्ण उत्तर आहे. कारण मागू नये, तोंड पाडू नये. नकार सुखाने देता आला तरच होकाराला अर्थ राहतो.

आणखी एक गैरसमज याच वेळी दूर करायला हवा. इच्छा आधी होते आणि मग माणूस जवळ येतो, असं आपण धरून चालतो. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली वेगळी मांडणी केली. अनेकांच्या बाबतीत, विशेषतः दीर्घ सहवासातल्या स्त्रियांच्या बाबतीत, सुरुवात तटस्थपणे होते. सुरक्षित वाटलं, स्पर्श आवडला, शरीर जागं झालं की मग इच्छा येते. ‘मला आपणहून कधी वाटतच नाही’ म्हणणाऱ्या व्यक्तीत दोष असेलच असं नाही. पण या मांडणीचा अर्थ ‘सुरू तर कर, आपोआप वाटेल’ असा दबाव टाकणं नव्हे. सुरुवातीला निदान जवळ यायची तयारी असायला हवी, आणि वाटलं नाही तर थांबायची मुभाही.

शरीराचं कारण आधी शोधा

मनाचं आहे असं समजून वर्षं काढलेल्या कितीतरी तक्रारींचं मूळ शरीरात किंवा औषधाच्या पाकिटात असतं.

पुरुषाला ताठरता येत नसेल तर रक्तदाब, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लिंगातल्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की परिणाम तिथे आधी दिसतो. ताठरतेची तक्रार छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी सुरू होऊ शकते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हळूहळू वाढत गेलेल्या या तक्रारीसाठी परस्पर गोळी आणून वेळ मारून नेणं धोक्याचं आहे. इच्छाच कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची तपासणी सकाळी, उपाशीपोटी करतात. आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच निष्कर्ष काढतात. पहाटे झोपेतून उठताना ताठरता चांगली असेल आणि अडचण फक्त जोडीदारासोबत येत असेल, तर ताण किंवा भीतीचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

स्त्रीला दुखत असेल तर नेमकं कुठे आणि कधी, हे आधी स्वतः ओळखा. सुरुवातीलाच, योनीच्या तोंडाशी जळजळ होत असेल तर कोरडेपणा, संसर्ग, टाक्यांचा व्रण किंवा स्नायूंचं आखडणं. खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), गर्भाशय किंवा अंडाशयाचा त्रास. मधुमेहात बुरशीचा संसर्ग वारंवार होतो, तोही बघायला हवा. ‘दुखतं’ एवढंच सांगितलं तर तपासणीही तेवढीच ढोबळ होते.

औषधांत नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं प्रथम बघावीत. त्यांनी इच्छा मंदावते आणि परमोच्च क्षण फार उशिरा येतो किंवा येतच नाही. रक्तदाबावरच्या काही गोळ्या, विशेषतः थायझाइड आणि काही बीटा ब्लॉकर, ताठरतेवर परिणाम करू शकतात. ही औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. एसएसआरआय अचानक सोडली तर चक्कर, बेचैनी येऊ शकते, शिवाय मूळ आजार उलटू शकतो. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा जोडीला दुसरं देणं असे मार्ग डॉक्टरांकडे असतात, पण तक्रार सांगितली तरच. तोंडून निघत नसेल तर कागदावर एक वाक्य लिहून पुढे करा: ‘हे औषध सुरू झाल्यापासून शरीरसंबंधांत अडचण येते आहे, पर्याय आहे का?’

ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर. या गोळ्यांनी इच्छा वाढत नाही. उत्तेजना असेल तरच रक्तपुरवठा वाढतो. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घेतात आणि भरपेट, तेलकट जेवणानंतर घेतली तर परिणाम लांबतो. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकू शकतो आणि जेवणाने फारसा फरक पडत नाही. एकदा घेऊन जमलं नाही म्हणून ‘लागू पडत नाही’ असं ठरवू नका. योग्य पद्धतीने सहा-आठ वेळा घेतल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. मात्र छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट गटातलं कुठलंही औषध, म्हणजे जिभेखालची गोळी, स्प्रे किंवा पट्टी, चालू असेल तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. गोळी घेतलेली असताना छातीत दुखलं, तर दवाखान्यात पोचल्या पोचल्या ती घेतल्याचं सांगा. लाजेने लपवलेली ही एक गोष्ट उपचार करणाऱ्याच्या हातून नकळत जीवघेणी चूक घडवू शकते. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

स्पर्शाचा सराव

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी हा सराव रचला आणि १९७० साली तो सविस्तर मांडला. लैंगिक समुपदेशनात तो आजही वापरला जातो. गाभा एकच आहे: काही आठवडे संभोग पूर्ण बंद. दोघांनी मिळून, तोंडाने बोलून हे ठरवायचं. हात पुढे जाणार नाही याची खात्री असली की तो आखडलेला खांदा सैल सोडता येतो.

पहिले दोन आठवडे. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी अर्धा तास. खोली उबदार, फोन खोलीबाहेर, दार बंद, अंधार नको पण उजेड मंद. कपडे सोयीनुसार. एकाने १५ मिनिटं स्पर्श करायचा, दुसऱ्याने घ्यायचा, मग अदलाबदल. स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य. बाकी सगळं शरीर मोकळं आहे: टाळू, कानामागची जागा, मानेचा मागचा भाग, कोपराची आतली बाजू, पाठीचा कणा, तळपाय.

इथे सगळ्यांची एक चूक होते. स्पर्श करणारा दुसऱ्याला खूश करायला जातो, मग ‘आवडतंय का?’ असं विचारत राहतो आणि परीक्षा सुरू होते. या सरावात स्पर्श स्वतःच्या कुतूहलासाठी करायचा असतो. कातडी कुठे गार आहे, कुठे कोमट, कुठे खरखरीत, कुठे मऊ, बोटांऐवजी तळहात ठेवला तर काय वेगळं लागतं, एवढंच बघायचं. घेणाऱ्याचं काम एकच, नकोसं वाटलं तर लगेच सांगणं किंवा हात उचलून दुसरीकडे ठेवणं. मन भरकटलं, उद्याच्या कामांची यादी सुरू झाली, तर लक्ष पुन्हा त्या जागेच्या उष्णतेवर आणायचं. हसू आलं तर येऊ द्या. काहीच वाटलं नाही तरी सराव फसला असं नाही, आणि उत्तेजना आली तरी ती तशीच येऊन जाऊ द्यायची.

दोघांनाही दोन-तीन वेळा सलग निवांत वाटलं की दुसरा टप्पा. आता स्तन आणि जननेंद्रियांचा समावेश होतो, पण थेट तिथे जायचं नाही. सगळ्या शरीरावरून फिरत हात तिथे येतो आणि पुढे जातो. हातावर हात ठेवून किती दाब, किती वेग हे दाखवता येतं. शब्दांपेक्षा ते सोपं असतं. ताठरता आली की हात थांबवून ती जाऊ द्यायची, मग पुन्हा सुरू करायचं. गेलेली ताठरता परत येते हे शरीराने एकदा अनुभवलं की ‘आता गेली तर संपलं’ ही धास्ती कमी होते.

तिसऱ्या टप्प्यात दोघांनी एकाच वेळी स्पर्श करायचा. चौथ्यात लिंगप्रवेश, पण हालचाल न करता. स्त्री वर असेल तर किती आत आणि कधी थांबायचं हे तिच्या हातात राहतं. अर्धा-एक मिनिट तसंच राहून बाहेर, आणि परत नुसता स्पर्श. हे सहज जमू लागलं की हळू हालचाल. दुखलं किंवा भीती वाटली तर एक टप्पा मागे यायचं. ही माघार सरावातच धरलेली आहे. सगळ्याला दोन ते तीन महिने लागतात. मध्येच एखाद्या रात्री ‘आज जमेलसं वाटतंय’ म्हणून बंदी मोडली तर पहिल्या टप्प्यातला भरवसा जातो, आणि तो परत कमवायला अधिक वेळ लागतो.

दुखण्याची सवय झालेल्या स्त्रीमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. अशा वेळी कीगल व्यायाम (हेच स्नायू मुद्दाम आवळण्याचा व्यायाम) करू नका, आवळलेलं आणखी आवळेल. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, श्वास घेताना पोट आणि खालचा भाग सैल सोडायचा, श्वास हळू सोडायचा. रोज पाच मिनिटं. मग स्वतःचं एक बोट, पुढे वाढत्या जाडीचे डायलेटर (योनिमार्ग हळूहळू सैल करायच्या गुळगुळीत नळ्या), भरपूर वंगण लावून. पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्टची मदत मिळाली तर उत्तम.

वंगणाबद्दल एवढं लक्षात ठेवा. पाण्याचं वंगण कंडोमसोबत चालतं, लवकर सुकतं, परत लावावं लागतं. सिलिकॉनचं जास्त टिकतं आणि कंडोमलाही चालतं. तेल किंवा व्हॅसलिनने लॅटेक्स कंडोम काही मिनिटांत कमकुवत होतो. सुवासिक, थंड-गरम करणारे प्रकार नाजूक त्वचेवर झोंबतात. थुंकी वंगण म्हणून फारशी उपयोगाची नाही.

बाळंतपणानंतर

सहा आठवड्यांनी तपासणी होते आणि ‘आता हरकत नाही’ असं सांगितलं जातं. याचा अर्थ जखम भरली आहे, इतकाच. मन आणि झोप त्या वेळापत्रकात बसत नाहीत. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) जास्त आणि इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) कमी असतं, त्यामुळे योनिमार्ग कोरडा पडतो आणि इच्छा मंदावते. प्रेम आटल्याचं हे लक्षण नाही. दिवसभर अंगाला बाळ चिकटलेलं असलं की रात्री आणखी एक हातही नकोसा होतो. जोडीदाराने तो आपला अपमान समजू नये. रात्रीचं एक उठणं स्वतःकडे घेतलं तर जवळिकीला त्याचा जास्त उपयोग होतो.

टाके पूर्ण भरल्याची खात्री डॉक्टरांकडून झाल्यावर व्रणाला मालीश करता येतं. स्वच्छ अंगठा, बिनवासाचं तेल, व्रणावर हलका दाब देऊन गोलाकार, रोज पाच मिनिटं. परमोच्च क्षणी ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे दूध येऊ शकतं. आधी पाजून घ्यावं, जवळ टॉवेल ठेवावा.

गर्भनिरोधन मात्र पहिल्या संबंधापासून हवं. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे पाळीची वाट बघून चालत नाही. अंगावर पाजत नसाल तर तीन आठवड्यांनंतर गर्भ राहू शकतो. फक्त अंगावरचं दूध, बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही अटी पूर्ण असतील तरच पाजण्याचं संरक्षण भरवशाचं. एक अट मोडली की दुसरं साधन घ्या.

पाळी जाताना

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. बहुतेकींच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात होतं. घामाचे लोंढे काही वर्षांत कमी होतात. योनीचा कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो. दोन वेगळ्या गोष्टी लागतात: संबंधाच्या वेळी वंगण, आणि एरवी दर दोन-तीन दिवसांनी योनीसाठीचं मॉइश्चरायझर. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा गोळी योनीत ठेवायला देतात. सहसा पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात. बऱ्याच जणी तीन आठवड्यांत कंटाळून सोडतात आणि तिथेच फसतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. पाळी गेल्यानंतर संबंधानंतर किंवा एरवीही रक्त दिसलं, एक ठिपका का असेना, तपासून घ्यायचंच.

पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावं.

हृदय, कर्करोग, शस्त्रक्रिया

झटक्यानंतर दोघेही घाबरलेले असतात आणि जोडीदार बहुधा जास्त. नेहमीच्या सोबत्यासोबतच्या संभोगाला साधारण दोन जिने भरभर चढण्याएवढे श्रम पडतात. तेवढं दम न लागता, छातीत न दुखता जमत असेल तर बहुतेकांना हरकत नसते. गुंतागुंत नसलेल्या झटक्यानंतर एक-दोन आठवड्यांतही परवानगी मिळू शकते. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे द्या आणि सुरुवातीला हातांवर भार येईल अशी स्थिती टाळा. भरपेट जेवणानंतर दोन तास थांबा. दरम्यान छातीत दुखलं किंवा धाप बसेना, तर थांबून मदत घ्या. घरी जाताना डॉक्टरांना जोडीदारासमोरच विचारा, उत्तर दोघांनी ऐकलेलं बरं.

केमोथेरपीत औषधाचा अंश शरीरातल्या स्रावांत उतरतो, म्हणून प्रत्येक डोसनंतर काही दिवस कंडोम वापरावा. किती दिवस ते तुमच्या औषधानुसार विचारा. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी खूप खाली असताना प्रवेश टाळावा. प्रोस्टेट काढल्यावर परमोच्च क्षणी वीर्य येत नाही, जाणीव मात्र राहते. ताठरता परतायला दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. ओटीपोटाला रेडिएशन दिलेल्या स्त्रियांना योनिमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर देतात, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. स्टोमाची (पोटावर केलेल्या मलमूत्राच्या वाटेची) पिशवी आधी रिकामी करून दुमडून पट्ट्याखाली घेतली की मन तिथून निघतं. आणि व्रण पहिल्यांदा दाखवायची घाई नको. आधी कपड्यावरून हात ठेवू द्या, बघणं नंतर.

मूल होत नसताना, दुःखात असताना

उपचारांच्या तारखांनी संभोगाचं काम होऊन बसतं. गर्भ राहण्याचे दिवस सहाच, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. एरवी दर दोन-तीन दिवसांनी संबंध आले तर तारखा मोजायची गरज फारशी उरत नाही. महिन्यातला काही काळ तरी मूल हा विषय अंथरुणाबाहेर ठेवा. गर्भपातानंतर रक्तस्राव थांबेपर्यंत थांबायचं.

दुःखात एकाला स्पर्शाची भूक लागते, दुसऱ्याला तो असह्य होतो. दोघांचंही दुःख सारखंच खरं असतं. अशा काळात पहिल्या टप्प्यातला पाच मिनिटांचा, कपड्यांसकटचा स्पर्शही पुरतो.

मदत कधी घ्यायची

जोडीदाराची भीती वाटत असेल, नकार दिल्यावर मारहाण, धमकी किंवा दिवसेंदिवस अबोला होत असेल, तर यातला कुठलाही सराव करू नका. तिथे आधी सुरक्षितता, मग बाकीचं. संबंधानंतर रक्त येणं, नव्याने सुरू झालेलं दुखणं, लिंगाला आलेला बाक किंवा चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता यांसाठी थेट डॉक्टर, यातलं शेवटचं तर तातडीने. सराव तीन महिने करूनही अडकलेलं असेल तर लैंगिक समस्यांचं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक बघा. जाताना चालू औषधांची यादी, शस्त्रक्रियांच्या तारखा आणि तक्रार कधी सुरू झाली ते लिहून न्या. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जा, काम तिथूनही सुरू होतं.